बालगायकवृंद : पूर्वपीठिका व आमचा अनुभव

महोत्सवाच्या स्मरणिकेकरिता काही इतिहासपर मजकूर लिहून द्यावा, अशी आज्ञा स्मरणिका-मंडळाने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात धर्मग्रामाची सनावळी लिहावी असे आले. परंतु ते काम याच पुस्तकात अन्य लेखकांनी आमच्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने केले आहे. चर्चच्या बांधकामाचा हिशेब तर खजिनदारांनी पैपैचा दिला आहे. तेव्हा आम्ही एक वेगळाच विषय घेतला. तो म्हणजे मुलांच्या गायकवृंदाचा. यास कारण घडले ते असे.

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, महोत्सवाच्या मिस्सेसाठी बारा मुलांचा गायकवृंद बसवावयाचे ठरले. आमच्या शहापुरात व आसपासच्या खेड्यांत गळ्याची वाण नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागली, की रात्ररात्र दंडार चालते, आणि दंडारीत कोवळ्या वयाची पोरे उंच स्वरात गातात ती ऐकणाऱ्यास हे पटेल. आमच्या बारांपैकी एकाचा आवाज विशेष होता. वय तेरा. वरच्या षड्जावर तो असा सहज जाऊन बसे, की पेटीवाल्याने हात थांबवून त्याच्याकडे पाहावे. दिवाळीनंतर एका रविवारी तालमीत त्याचा स्वर मध्येच फाटला. मुले हसली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. आली ती त्याची आई. फाटकाशी उभी राहून ती एवढेच म्हणाली, “फादर, गाता नाही येत त्याले आता. पण उभं तरी राहू द्याल नं?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी दिले नाही. आज जो इतिहास लिहावयास बसलो आहोत, तो त्या उत्तराच्या शोधात वाचलेला व आठवलेला इतिहास आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या या देशात ख्रिस्ती मुलांच्या गायनाचा आरंभ बहुधा घंटेच्या नादाने झाला. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत, आणि धर्मशिक्षण त्यांच्याकडून गाऊन पाठ करून घेत. प्रश्नोत्तरे पद्यात बांधलेली असल्यामुळे ती मुलांच्या तोंडी बसली, आणि मुलांच्या तोंडून घराघरांत गेली. यात गायनकलेचा हेतू कितपत होता, हे सांगणे कठीण आहे. झेवियर हे संगीतज्ञ नव्हते. जे गाता येते ते विसरत नाही, हे मात्र त्यांनी ओळखले होते. आपल्याकडील पाढे, परवचा व ओव्या यांमागे तरी दुसरे काय आहे?

पुढे गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत मात्र संगीत हा रीतसर विषय झाला. तेथील शिक्षकास लोक ‘मेस्त’ म्हणत. चर्चमधील गायन चालविणे, व्हायोलिन वाजविणे आणि मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकविणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असत. कित्येक मुलगे अक्षरे धड लिहावयास लागण्यापूर्वी स्वरांच्या खुणा वाचू लागत. या शाळांचे ऋण केवळ ख्रिस्ती उपासनेवर आहे असे नव्हे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदात एके काळी गोव्याच्या माणसांचा जो भरणा होता, त्याचे मूळ येथेच आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक याच परंपरेत वाढले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात आपल्या गुरूचे नाव एका गाण्यात घालून ते घरोघर पोहोचविले. आमच्या गावातील लग्नाच्या वरातीत ते गाणे हटकून वाजते; वाजविणाऱ्यांस हे ठाऊक नसते, की आपण गोव्यातील एका चर्चच्या शाळेस मानवंदना देत आहो.

मराठी वाचकांस याहून जवळची गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स यांची. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले, आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी व सणावारी चर्चमध्ये लोकांस गाऊन ऐकविला जाई. ओवी ही गाण्यासाठीच जन्मलेली असल्यामुळे तिला युरोपातील चार स्वरांच्या गायनाची गरज पडली नाही. आम्हांस असे वाटते, की या भूमीत गायकवृंदाचे दोन प्रवाह त्याच वेळी वेगळे झाले: एक मेस्ताचा, कागदावरील खुणांचा, दुसरा ओवीचा, कानाने कानास दिलेला. आमच्या शहापूरचा वृंद कोणत्या प्रवाहात बसतो, हे सांगण्याची गरज नाही. पेटी, तबला आणि टाळ, एवढेच आमचे भांडार.

मुंबईत इंग्रजी धर्तीचा प्रयत्नही झाला होता. कोटातील संत थॉमस कॅथीड्रल हे अँग्लिकन पंथाचे. त्याच्या उपासनेसाठी बालगायक मिळावेत म्हणून १८७५ साली एक शाळा काढण्यात आली. पुढे १९२२ साली ती दुसऱ्या एका शाळेशी जोडली गेली, आणि आज ‘कॅथीड्रल अँड जॉन कॉनन’ या नावाने ती मुंबईतील नामांकित शाळांत गणली जाते. तेथे शिकलेल्या किती थोर गृहस्थांस हे ठाऊक असेल, की त्यांच्या शाळेचे एक बीज चर्चमध्ये वरचा स्वर लावणारी मुले कमी पडतात, या अडचणीत आहे!

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. सेमिनरीतील विद्यार्थिदशेत, सुमारे तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, सुट्टीत मुंबईस गेलो असता युरोपातून आलेल्या एका बालगायकवृंदाचा जलसा प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आम्हांस आला. नागपूरच्या बाजूकडील आम्ही. तोपर्यंत असे गायन ध्वनिमुद्रिकेवाचून कोठे ऐकले नव्हते. उन्हाळ्याचे दिवस. गाण्यात व्यत्यय येऊ नये म्हणून सभागृहातील पंखे बंद करण्यात आले, तेव्हा श्रोत्यांत कुजबुज झाली. वीस-पंचवीस मुले दोन रांगांत उभी राहिली. नऊ-दहा वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतची असतील. त्यांच्या गुरूने हात किंचित उचलला, आणि मग जो ध्वनी निघाला, तो कोणाच्या गळ्यातून निघाला हे सांगता येईना. वरचा स्वर एका बाजूने येई, खालचा दुसऱ्या बाजूने. दोन्ही मध्ये कोठेतरी भेटत व पुन्हा दुरावत. त्यात भावनेचा ओलावा आम्हांस फारसा जाणवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जाणवली ती स्वच्छता. भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यावर नख मारल्यावर जो नाद उरतो, तसा काहीसा. शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी रुमालाने डोळे पुसले. आमच्याबरोबरचा एक सोबती मात्र घामाने बेजार होऊन पंख्याकडे पाहत होता.

त्या जलशातील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. मागच्या रांगेतील एक उंच मुलगा गात नव्हता. ओठ हलत होते, श्वास इतरांबरोबर घेतला जात होता, मान गुरूकडे होती. परंतु गळा बंद होता. आम्ही त्याच्या बाजूस बसलो असल्यामुळे हे आमच्या लक्षात आले. जलशानंतर त्या मंडळींची व्यवस्था पाहणाऱ्या एका धर्मगुरूस आम्ही विचारले. ते म्हणाले, की दौरा ठरल्यानंतर त्या मुलाचा आवाज फुटला. चार वर्षे तो यांच्यात गायला होता. त्याला घरी ठेवून येणे गुरूस रुचले नाही. म्हणून त्याला आणले, कपडे दिले, रांगेत उभे केले.

हे ऐकून आम्हांस काय वाटले, ते कळण्यास आमचीही एक कथा सांगणे भाग आहे. आम्ही स्वतः लहानपणी एका वसतिगृहात असताना तेथील गायकवृंदात होतो. आवाज बरा होता असे लोक म्हणत. चौदाव्या वर्षी, नाताळच्या तालमीत, आमचा स्वर घसरला. गायन शिकविणाऱ्या गृहस्थांनी, त्यांचे नाव येथे नको, सर्वांदेखत आमच्या कानशिलात दिली व दारापर्यंत नेऊन सोडले. त्या रात्री सर्व मुले आत गात होती आणि आम्ही ओट्यावर बसून ऐकत होतो. वीस वर्षे आम्ही गायलो नाही. मिस्सेत जेवढे गाणे धर्मगुरूस प्राप्त होते, तेवढेही प्रथम प्रथम आम्ही केवळ वाचून दाखवीत असू.

असो. आपलीच रडकथा अधिक लांबवणे योग्य नव्हे. आणि इतिहास चाळता असे दिसते, की आमच्या संगतीस फार मोठी माणसे आहेत. व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथीड्रलमध्ये योझेफ हायडन हा आठ वर्षांचा असताना बालगायक म्हणून आला. आवाज फुटल्यावर १७४९ साली त्यास काढून टाकण्यात आले. त्याचे जुने चरित्रकार सांगतात, की त्याने शेजारच्या मुलाची वेणी कात्रीने कापली, हे निमित्त झाले व छड्या मारून त्यास घालविण्यात आले. परंतु खरे कारण गळा हेच होते. सतरा वर्षांचा तो मुलगा थंडीच्या दिवसांत रस्त्यावर आला, आणि ओळखीच्या एका गरीब गायकाने त्यास आसरा दिला. त्याच नगरात फ्रान्झ शूबर्ट १८०८ साली राजगृहाच्या चर्चमधील बालगायक झाला. १८१२ च्या जुलैत त्याचा आवाज फुटला, तेव्हा गाण्याच्या कागदावरच त्याने आपण शेवटचे आरवलो, अशा अर्थाची टीप तारखेसह लिहून ठेवली. आरवणे हा शब्द त्याचाच. पंधरा वर्षांच्या मुलाने हसून सोडलेली ही गोष्ट आहे. मात्र शूबर्टला शाळेतून लगेच काढण्यात आले नाही, म्हणून त्यास हसता आले असे आमचे मत.

ज्या राजवृंदात शूबर्ट गात होता, त्याचे मूळ सम्राट मॅक्सिमिलियन याने १४९८ साली आपला दरबारी गायकवर्ग व्हिएन्नास नेला, त्यात आहे. १९१८ साली साम्राज्य गेले, राजाश्रय गेला, वृंद विस्कटला. तेव्हा तेथील धर्मगुरू योझेफ श्निट यांनी १९२४ साली पदरचे पैसे घालून तो पुन्हा उभा केला, आणि खर्च भागेना म्हणून मुलांना घेऊन गावोगाव जलसे सुरू केले. जगभर प्रसिद्ध असलेला तो खलाशी वेष त्या गरिबीच्या काळातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आज त्या संस्थेत सुमारे शंभर मुले चार वृंदांत विभागलेली असून हायडन व शूबर्ट ही नावे त्यांतील दोन वृंदांस दिलेली आहेत. ज्याला छड्या मारून काढला, त्याच्याच नावाने मुले गातात!

आवाज कधी फुटतो, हे मात्र सर्वकाळ सारखे नाही, आणि ही माहिती आमच्या गावातील आयांनी अवश्य वाचावी. लाइपझिग येथील संत थॉमसच्या चर्चमधील वृंद १२१२ पासूनचा. तेथे योहान सेबास्टियन बाख १७२३ ते १७५० पर्यंत मुख्य होता. त्याच्या काळातील मुलांच्या नोंदी अलीकडे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा असे दिसले, की त्या वेळी मुलाचा आवाज साधारण सोळा-सतराव्या वर्षी बदलत असे. आज तो तेराच्या सुमारास बदलतो. पोषण सुधारले, शरीर लवकर वाढू लागले, त्याचा हा परिणाम मानतात. म्हणजे बाखला जो गळा तयार होऊनही आणखी तीन-चार वर्षे वापरावयास मिळे, तो आजच्या गुरूस तयार होताहोताच सोडावा लागतो. स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. यात मुलाचा अपराध तो कोणता?

परंतु मोठ्या माणसांस हा गळा सोडवत नाही. युरोपात शेकडो वर्षे असे झाले, की काही मुलांचा आवाज शस्त्राने कायमचा बालपणात राखून ठेवण्यात येई, आणि ते पुरुष मोठेपणी चर्चमध्ये व नाटकगृहांत वरचे स्वर गात. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमधील या प्रकारचे शेवटचे प्रसिद्ध गायक अलेस्सांद्रो मोरेस्की हे १९१३ साली निवृत्त झाले व १९२२ साली वारले. त्यांच्या आवाजाचे १९०२ व १९०४ साली केलेले ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. आम्ही ते एकदा ऐकले. दुसऱ्यांदा ऐकवले नाही. त्या चालीला निर्णायक आळा पोप दहावे पायस यांच्या काळात बसला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, त्यांनी उपासना-संगीताविषयी जी आज्ञा काढली, तीत वरच्या स्वरांसाठी प्राचीन वहिवाटीप्रमाणे मुलगे घ्यावेत असे सांगितले. त्याच आज्ञेने स्त्रियांस गायकवृंदातून वगळले. जगभर कॅथलिक चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांचे वृंद निघाले, त्यांस या आज्ञेचे मोठे पाठबळ मिळाले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला होता, आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे जे फ्रेंच भाषक मिशनरी आमच्या या भागात काम करीत होते, त्यांनाही हीच आज्ञा लागू होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्राने, पुरुषांचा, मुलांचा, स्त्रियांचा अथवा मिश्र असा कोणताही वृंद चालेल असे ठरले. आज आमच्या रविवारच्या गायनाचा भार मुलीच वाहतात. महोत्सवासाठी केवळ मुलग्यांचा वृंद निघणार हे कळल्यावर त्यांच्यापैकी एकीने आम्हांस सरळ विचारले, “मग आम्ही काय फुलंच मांडायची का, फादर?” तिचे म्हणणे खरे होते. कम्युनियनच्या वेळची गीते मुलीच गातील, असे ठरले आहे. आणि खरे सांगावयाचे तर ती अधिक चांगली बसली आहेत.

आपल्या मराठी रंगभूमीवरही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने होता. नारायण श्रीपाद राजहंस या बालकाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास ‘बालगंधर्व’ म्हटले, आणि १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीत तर मुलांच्याच बळावर नाटके उभी राहत. ‘छोटा गंधर्व’ हे सौदागर गोरे तेथूनच पुढे आले. या नामांकितांचे आवाज वयाबरोबर पालटूनही टिकले, म्हणून त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ज्यांचे टिकले नाहीत, अशी पोरे पेट्या उचलण्यास, पडदे ओढण्यास लागली किंवा गावी परत गेली. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. महोत्सवाच्या पुस्तकात ती नसावी, असे मंडळातील एक-दोघांचे मत पडले. आम्ही ते आदराने ऐकले व मजकूर ठेवला. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील कॅथीड्रलचा बालगायकवृंद हा हजार वर्षांहून जुन्या परंपरेचा. त्याचा आरंभ ९७५ साली बिशप वोल्फगांग यांनी काढलेल्या शाळेपर्यंत नेतात. त्या संस्थेविषयी २०१७ साली एका वकिलाने चौकशी-अहवाल दिला. १९४५ नंतरच्या दशकांत किमान ५४७ मुलांस तेथे मारहाण अथवा लैंगिक अत्याचार सोसावा लागला, असे त्यात नमूद आहे. सुरेल गायनाच्या मागे दारे बंद होती, आणि मुलांचे कोणी ऐकले नाही. पुष्कळदा आईबापांनीही नाही, कारण सांगितलेले खरे मानणे त्यांस जड गेले. आमच्या कानशिलात बसलेली चापट त्यापुढे काहीच नव्हे. तथापि ती चापट ज्या भिंतीआड मारली गेली, त्या भिंती एकाच जातीच्या असतात, हे आम्ही जाणतो.

म्हणून आमच्या तालमी दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चमध्येच, दोन्ही दारे सताड उघडी ठेवून होतात. दोन पालक पाळीपाळीने बसतात. आणि कोणत्याही मुलास एकट्याने शिकवावयाचे नाही, असा नियम आहे. प्रथम काही पालक कुरकुरले, की रोजगार पाडून बसावे लागते. रविवारी रोजगार कसला, असे आम्ही विचारल्यावर धान कापणीचे दिवस त्यांनी आम्हांस दाखविले. त्यांचे खरे होते; त्या तीन आठवड्यांत तालीम सायंकाळी घेतली.

त्या आईस उत्तर देण्यास आम्हांस नऊ दिवस लागले. मुलाचा आवाज पुढे कसा निघेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो स्थिरावेल, तोपर्यंत त्याने ताणून गाऊ नये, एवढे जाणकारांचे सांगणे आहे. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो गोठ्याच्या पलीकडे बसून होता. त्यास मुंबईच्या जलशातील त्या उंच मुलाची हकीकत सांगितली. त्याने सर्व ऐकून घेतले व विचारले, की त्या पोराला खोटे खोटे ओठ हलविताना लाज वाटली नाही काय? आम्ही म्हणालो, ते आम्हांस विचारावयाचे राहिले. मग तो म्हणाला, आपण ओठ हलविणार नाही, टाळ धरू.

महोत्सवाच्या मिस्सेत तो दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा उभा राहील. त्याचे टाळ किंचित पुढे धावतात, हा दोष अद्याप गेलेला नाही. पेटीवाले त्यास डोळ्यांनी खूण करतील. श्रोत्यांनी मागे वळून पाहू नये, ही विनंती.